परीक्षाच नव्हती तेव्हाचा इंजिनिअर : अर्देशीर कर्सेटजी वाडिया



दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्याकडे राधानगरीत पालकांची शाळेत ये-जा वाढते. पुढे काय, हा एकच प्रश्न असतो. यंदा मात्र एका पालकांनी जरा वेगळाच विषय काढला. त्यांचा मुलगा आमचाच माजी विद्यार्थी. डिझेल मेकॅनिकचा आयटीआय केलेला. हात एकदम चांगला. उसाचा ट्रॅक्टर असो की नदीवरचा पंप, उघडणार, पुसणार आणि चालू करून देणार. त्याला कुणीतरी सांगितलेलं की परदेशात श्रीमंतांच्या खासगी बोटी असतात, यॉट म्हणतात त्यांना, आणि त्यावर इंजिनचं काम करणाऱ्याला पगार भरपूर. कागदपत्रांचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त पैसे भरा, असं सांगणाराही भेटला होता. वडील विचारायला आले होते, भरू का म्हणून.

मी भरू नका म्हटलं. नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं हेच मुळी नियमाविरुद्ध आहे. भारतात जहाजावर माणूस पाठवणाऱ्या एजन्सीला मुंबईच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो, त्या परवान्याला नंबर असतो आणि तो तपासता येतो. दुसरी गोष्ट, बोट म्हटली की सगळं सारखं नसतं. व्यापारी जहाजावरच्या इंजिनिअरची परीक्षा वेगळी, यॉटवरच्याची वेगळी. यॉटसाठी पुष्कळ ठिकाणी ब्रिटनच्या सागरी खात्याचं लहान जहाजांचं प्रमाणपत्र मागतात. एका बाजूला केलेली समुद्रावरची नोकरी दुसऱ्या बाजूला पूर्ण धरतीलच असं नाही. म्हणजे परीक्षेला बसायला समुद्रावरचे महिने हवेत, आणि समुद्रावर जायला आधी कागद हवा. या कोड्यात चांगली चांगली पोरं अडकतात.

मुलगा शेजारीच उभा होता. जाता जाता त्याने विचारलं की सर, ज्याला काम येतं त्याला कागद कशाला लागतो. प्रश्न बिनतोड होता. त्याला उत्तर म्हणून मी एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच इथे सविस्तर लिहितो. वर्गात पाठ म्हणून घ्यायलाही चालेल.

अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ रोजी मुंबईत झाला. घराणं पारशी, धंदा जहाजं बांधण्याचा. त्यांचे पूर्वज लवजी नुसरवानजी वाडिया हे सुरतेचे सुतार. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना १७३० च्या दशकात मुंबईत आणलं आणि तेव्हापासून मुंबईच्या गोदीतला मुख्य बांधकाम मिस्त्री हा वाडियांच्या घरातलाच, अशी परंपरा पडली. मिस्त्री म्हटलं तरी हुद्दा मोठा. या लोकांनी मलबारच्या सागवानात इंग्रजांच्या आरमारासाठी लढाऊ जहाजं बांधली. कॉर्नवॉलिस नावाचं जहाज १८१३ चं. पुढे १८४२ मध्ये चीन आणि इंग्लंडमधला नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. त्रिंकोमाली १८१७ चं. ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. दोनशे वर्षं झाली, मुंबईचं सागवान अजून टिकून आहे.

अशा घरातल्या मुलाचं पुढे काय होणार हे जन्मतःच ठरलेलं. चौदाव्या वर्षी, म्हणजे १८२२ मध्ये, अर्देशीर गोदीत कामाला लागले. आज आपण त्याला बालमजुरी म्हणू. त्या काळी तोच अभ्यासक्रम होता. वडील कर्सेटजी रुस्तमजी, चुलते, आजोबा यांच्या हाताखाली लाकूड ओळखायचं, नकाशावरून फळी कापायची, जोड बसवायचा. परीक्षा नाही, प्रमाणपत्र नाही. घरातल्या मोठ्यांनी मान हलवली की झाला पास.

अडचण अशी झाली की या पोराचं लक्ष लाकडात नव्हतं, वाफेत होतं.

इथे जरा थांबून तेव्हाची परिस्थिती सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुंबईहून इंग्लंडला पत्र जायचं ते शिडाच्या जहाजातून, आफ्रिकेला वळसा घालून, महिनोन्महिने. वाफेवर चालणारी बोट वाऱ्याची वाट बघत नाही, म्हणून कंपनीला आगबोटीचं वेड लागलं. मुंबईत वाडियांच्याच गोदीत ह्यू लिंडसे नावाची आगबोट बांधली गेली, ४११ टनांची. ती २० मार्च १८३० रोजी मुंबईहून सुएझकडे निघाली. तिच्यात जेमतेम साडेपाच दिवसांचा कोळसा मावेल अशी सोय केलेली, आणि पहिला मुक्काम एडन, त्याच्या दुप्पट दिवसांच्या अंतरावर. मग काय, डेकवर कोळसा, खोल्यांत कोळसा, जिथे जागा मिळेल तिथे कोळसा. बोट निघाली तेव्हा ओझ्याने पाण्यात इतकी खोल बसलेली की बघणाऱ्याला धास्ती वाटावी. एडनला पोचली तेव्हा कोळसा संपत आलेला होता. सातवी-आठवीला कोळशाचं आणि अंतराचं शाब्दिक उदाहरण घालायला ही बोट फार उपयोगी आहे. मी दरवर्षी घालतो.

कोळशापेक्षा मोठी अडचण माणसांची होती. इंजिन विलायतेचं आणि ते चालवणाराही विलायतेचा. त्या काळच्या बॉयलरमध्ये खारं पाणीच वापरत. पाणी आटलं की मीठ आत बसायचं, पत्र्यावर थर जमायचा, आणि जिथे थर जमेल तिथे पत्रा जळून भोक पडायचं. म्हणून ठरावीक वेळाने आतलं तीव्र खारं पाणी बाहेर सोडून नवं घ्यावं लागे. ते किती घ्यायचं, कधी घ्यायचं हे पुस्तकात नव्हतं, हाताला आणि कानाला कळायचं. ज्याला कळायचं तो इंजिनिअर. असे लोक विलायतेत कमीच होते, मुंबईत तर बोटावर मोजण्याएवढे. त्यामुळे ते सांगतील तो पगार आणि ते करतील तो कारभार.

अर्देशीर यांनी ही विद्या घरबसल्या गोळा केली. पुस्तकं मागवली, जी इंजिनं गोदीत दुरुस्तीला येत ती बारकाईने पाहिली. आधी विहिरीतून पाणी उपसणारं एक छोटं वाफेचं इंजिन स्वतःच्या खर्चाने उभं केलं. मग त्याहून मोठी उडी. १८३३ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी इंडस नावाची ६० टनांची बोट बांधली आणि तिच्यात वाफेचं इंजिन बसवलं. लाकडाचं काम घरचंच होतं. पण इंजिन बसवणं, दांडा सरळ रेषेत आणणं, नळ जोडणं, वाफ कोंडून चाकं फिरवणं, हे सगळं एका हिंदी माणसाच्या देखरेखीखाली झालं. ६० टन म्हणजे मोठं जहाज नव्हे. आजच्या भाषेत सांगायचं तर एखाद्या मध्यम यॉटएवढी. त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा नीट ऐकायला लागला.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने म्हणायला हवी. हे सगळं त्यांना जमलं याचं एक कारण घरचा पैसा. बंगला माझगावला, गोदीचं काम घराण्याच्या हाती, मजूर हाताशी. इंजिन बिघडलं तर नुकसान सोसायची ताकद. चरित्रं लिहिताना आपण जिद्द, चिकाटी वगैरे लिहितो आणि पैशाचा उल्लेख टाळतो. मुलांना ते कळतं, फक्त ती बोलत नाहीत. अर्देशीर यांच्याइतकाच हुशार एखादा लोहार तेव्हाच्या मुंबईत नक्की असेल. त्याची बोट कधी पाण्यात उतरली नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी आणखी एक खटपट केली. कोळशापासून गॅस तयार करून तो नळ्यांतून खेळवला आणि मार्च १८३४ मध्ये आपला माझगावचा बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. मुंबईत तेव्हा रस्त्यावर तेलाचे दिवेसुद्धा तुरळक. खुद्द गव्हर्नर लॉर्ड क्लेअर ते बघायला आले आणि मानाची वस्त्रं देऊन गेले. लोकांना ती गंमत वाटली असेल. मला वाटतं अर्देशीर यांच्या दृष्टीने तो अर्ज होता. परीक्षा घेणारं कुणी नाही, मग परीक्षकाला घरी बोलावून काम दाखवायचं. दुसरा मार्ग तरी कोणता होता?

याच सुमाराला ते नव्याने निघालेल्या एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये यंत्रशास्त्र आणि रसायन शिकवू लागले. शिक्षकांना हे वाचून बरं वाटेल. आणि आणखी एक. याच संस्थेत त्याच दशकात बाळशास्त्री जांभेकर शिकवत होते. आपण ६ जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो तो त्यांच्या दर्पणची आठवण म्हणून. बाळशास्त्री पोंभुर्ल्याचे, देवगड तालुक्यातले. राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरला की तो मुलूख सुरू होतो. एक माणूस घाटाखालच्या खेड्यातून आलेला, एक गोदीतल्या श्रीमंत घरातून, आणि दोघेही नवी विद्या मुलांपर्यंत न्यायच्या खटपटीत. दोघांची गाठ पडत असेल असं मनात येतं. पण ही माझी कल्पना झाली, पाठात लिहू नका.

एवढं सगळं करूनही मुंबईत त्यांची किंमत काय, तर हौशी आणि हुशार पारशी. इंजिनिअर नव्हे. तो शिक्का विलायतेत मिळायचा. म्हणून १८३९ च्या सप्टेंबरमध्ये ते निघाले. सुएझचा कालवा तेव्हा नव्हता, तो १८६९ चा. त्यामुळे मुंबईहून आगबोटीने तांबड्या समुद्रातून सुएझ, तिथून वाळवंट ओलांडून कैरो, मग अलेक्झांड्रिया, आणि पुन्हा बोटीने भूमध्य समुद्रातून इंग्लंड. याला खुश्कीचा मार्ग म्हणत, जरी बराचसा तो पाण्यातूनच होता. या प्रवासाची आणि वर्षभराच्या मुक्कामाची रोजनिशी त्यांनी लिहिली आणि ती १८४० मध्ये लंडनमध्येच पुस्तकरूपाने छापली गेली. तीस-एकतीस वर्षांच्या माणसाची ही नोंदवही आहे. त्यात यंत्रं, कारखाने, गोद्या यांची वर्णनं येतात. प्रेक्षणीय स्थळं बघायला गेलेला माणूस असा लिहीत नाही.

त्यांच्याच घराण्यातले दोन तरुण, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, आधीपासून चॅटमच्या सरकारी गोदीत जहाजबांधणी शिकत होते. त्यांनीही पुस्तक लिहिलं आहे. पारशी पोशाख बघायला रस्त्यात गर्दी जमायची, हे त्यांनी त्यात नोंदवलं आहे. परक्या देशात शिकायला गेलेल्या पोराला आधी त्याच्या टोपीवरून ओळखतात, मग कामावरून. आखातात नोकरीला गेलेले आमच्याकडचे लोकही हेच सांगतात.

लंडनमध्ये अर्देशीर कारखान्यांतून फिरले, आगबोटींची इंजिनं बनताना पाहिली, मोठमोठ्या इंजिनिअर लोकांना भेटले. सिव्हिल इंजिनिअर लोकांच्या संस्थेचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स वॉकर यांनी त्यांना जवळ केलं. त्या संस्थेचे ते सहसदस्य झाले. आधीपासून रॉयल एशियाटिक सोसायटीचं सदस्यत्व होतंच. आज जशी मुलं प्रमाणपत्रांची फाइल घेऊन मुलाखतीला जातात, तशीच ही फाइल तयार होत होती. फरक इतकाच की प्रत्येक कागद एकेका माणसाच्या शब्दावर उभा होता. कुणीतरी ओळखीच्याने सही करायची की हा माणूस खरा आहे. ज्याची अशी ओळख नाही त्याला त्या काळात काहीच मार्ग नव्हता. परीक्षांना आपण नावं ठेवतो, तेव्हा हे लक्षात ठेवलेलं बरं.

फाइलीचा उपयोग झाला. कंपनीच्या संचालकांनी लंडनमध्ये निर्णय घेतला आणि १ एप्रिल १८४१ रोजी अर्देशीर यांनी मुंबईच्या सरकारी स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनिअर आणि यंत्रसामग्रीचे निरीक्षक म्हणून सूत्रं हाती घेतली. कंपनीच्या आगबोटींची इंजिनं, बॉयलर, ओतकाम सगळं या कारखान्यात. हाताखाली एक मुख्य सहायक, चार युरोपियन फोरमन, सुमारे शंभर युरोपियन इंजिनिअर व बॉयलर बनवणारे आणि सुमारे दोनशे हिंदी कारागीर.

आकडे पुन्हा वाचा. शंभर गोऱ्या माणसांवर एक हिंदी साहेब, आणि साल १८४१. सत्तावन्नच्या उठावाला अजून सोळा वर्षं. असं याआधी कुठे झालं नव्हतं आणि पुढेही कितीतरी वर्षं क्वचितच झालं. मुंबईतल्या युरोपियन लोकांना ते सहन होईना. बॉम्बे टाइम्स या पत्राने, आजचा टाइम्स ऑफ इंडिया तो हाच, या नेमणुकीवर टीका केली. मुद्दा काय, तर एतद्देशीय माणूस कितीही हुशार असला तरी युरोपियनांवर हुकमत चालवणं त्याला झेपणार नाही, आणि अशी जागा त्याला देणं योग्य नाही. त्यांना इंजिनाची माहिती नाही, असं कुणी म्हणत नव्हतं. ते म्हणायची सोयच राहिली नव्हती. कागद सगळे पुरे होते. उणीव काढली ती जन्माची.

हे वर्गात सांगताना मी नेहमी मुलांना विचारतो की आता या माणसाने काय करावं. कुणी म्हणतं भांडावं, कुणी म्हणतं राजीनामा द्यावा. त्यांनी कारखाना चालवला. दोन महिने नव्हे, सोळा वर्षं. बॉयलर फुटला तर जबाबदारी त्यांची, बोट वेळेत निघाली नाही तर जाब त्यांना. हाताखालच्या माणसांपैकी कित्येकांना ते तिथे नकोच होते. अशा ठिकाणी एक चूकसुद्धा पुरली असती. कारण टीका करणारे तेवढ्याचीच वाट बघत होते. १८५७ पर्यंत ते त्या पदावर राहिले, यावरून काय समजायचं ते समजावं.

गंमत म्हणजे, मुंबईत हा गदारोळ ताजा असतानाच लंडनमध्ये वेगळंच घडत होतं. २७ मे १८४१ रोजी रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडलं. ही जगातली अत्यंत जुनी आणि मानाची विज्ञानसंस्था, १६६० मध्ये स्थापन झालेली. न्यूटन तिचे अध्यक्ष होते. निवड झाली तेव्हा अर्देशीर तिथे नव्हतेच, मुंबईच्या धुरात आणि कोळशात होते. फेलो होणारे ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, १९१८ मध्ये. मध्ये ७७ वर्षं गेली. स्पर्धा परीक्षांच्या काही पुस्तकांत रामानुजन यांचंच नाव पहिलं म्हणून छापलेलं मी पाहिलं आहे. आपल्या शाळेच्या वाचनालयात असं पुस्तक असेल तर पेन्सिलीने दुरुस्ती करून ठेवा.

स्टीम फॅक्टरीतल्या वर्षांत त्यांनी आणखीही बरंच केलं. शिवणयंत्र, विजेने मुलामा देण्याची पद्धत अशा नव्या गोष्टी त्यांनी मुंबईत आणल्या. १८४९ मध्ये लाकूड कापण्याची यंत्रं बघायला ते पार अमेरिकेपर्यंत गेले. तिथे पाय ठेवणारे ते पहिले पारशी मानले जातात. १८५१ मध्ये लवजी फॅमिली नावाची आगबोट त्यांनी पाण्यात सोडली. तिचे भाग त्यांनी स्वतःच्या ओतशाळेत घडवले होते. अठरा वर्षांपूर्वीच्या इंडस बोटीशी ही ताडून बघितली तर केवढी मजल मारली ते कळतं. नाव घराण्याच्या मूळ पुरुषाचं ठेवलं. घराण्याचा लाकडाचा धंदा सोडून वाफेकडे गेलेल्या मुलाने लोखंडाच्या यंत्राला पूर्वजाचं नाव द्यावं, हे मला फार आवडतं.

१८५५ मध्ये ते मुंबईचे जस्टिस ऑफ द पीस झाले. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर १८६१ मध्ये सिंध प्रांतात कोटरी इथे इंडस फ्लोटिला कंपनीचे मुख्य इंजिनिअर म्हणून गेले. सिंधू नदीतून या कंपनीच्या आगबोटी चालत. १८६३ मध्ये तेही काम सोडलं. त्यानंतर ते इंग्लंडलाच राहायला गेले. मुंबईत त्यांची पारशी पत्नी आणि मुलं होती. इंग्लंडमध्ये मेरियन बार्बर या इंग्रज स्त्रीबरोबर त्यांचा दुसरा संसार होता. हा भाग पाठ्यपुस्तकी चरित्रांतून बहुधा गाळतात. लहान वर्गात सांगायची गरज नाही, पण मोठ्या मुलांपासून लपवण्यासारखंही काही नाही. मागे राहिलेल्या माणसांना त्याचा त्रास झालाच असणार. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी लंडनजवळच्या रिचमंड इथे ते वारले.

आता पुन्हा त्या मुलाच्या प्रश्नाकडे. एवढं ऐकून त्याने विचारलं की मग सर, त्यांच्याकडे शेवटपर्यंत बोटीच्या इंजिनाचं लायसन्स नव्हतंच का. नव्हतं. कारण ते अस्तित्वातच नव्हतं. कप्तान आणि त्याच्या मदतनिसांसाठी ब्रिटनमध्ये सक्तीची परीक्षा १८५० च्या कायद्याने आली. इंजिनिअरसाठी ती आली १८६२ मध्ये. तेव्हा अर्देशीर चोपन्नाव्या वर्षात होते आणि सिंधूच्या काठी दुसऱ्यांच्या बोटी दुरुस्त करत होते. ज्या विद्येत त्यांनी आयुष्य घालवलं तिची पहिली प्रश्नपत्रिका निघाली तेव्हा ते जवळपास निवृत्तीला आले होते.

ती परीक्षा आल्याने आपल्याकडच्या पोरांचा लगेच फायदा झाला, असंही नाही. पुढची कितीतरी वर्षं आगबोटींवर आपली माणसं भरपूर होती, पण कुठे? भट्टीसमोर कोळसा टाकायला, डेक धुवायला, दोर ओढायला. फार तर सारंग किंवा टंडेल. रत्नागिरीकडच्या गावागावांत अशी घराणी आहेत. अधिकारी गोरा. हिंदी मुलांना जहाजावरचे अधिकारी व्हायचं शिक्षण नीट मिळायला लागलं ते मुंबईत १९२७ मध्ये डफरिन हे प्रशिक्षण जहाज सुरू झाल्यावर. अर्देशीर यांच्या नेमणुकीनंतर तब्बल ८६ वर्षांनी. एक माणूस वर गेला म्हणून त्याच्या मागे शिडी आपोआप लागत नाही.

आज शिडी आहे, पण तिच्या पायऱ्या मोजून चढाव्या लागतात. त्या पालकांना मी कागदावर लिहून दिलं तेच इथे देतो, कुणाला उपयोग झाला तर होवो. बारावी शास्त्र असेल तर इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटीची प्रवेशपरीक्षा आणि चार वर्षांची मरीन इंजिनिअरिंगची पदवी. मेकॅनिकल पदवी झालेली असेल तर एक वर्षाचा कोर्स. त्यानंतर बोटीवर उमेदवारी, मग महासंचालनालयाची चौथ्या वर्गाची परीक्षा, आणि पुढे एकेक वर्ग चढत जायचा. संस्था मान्यताप्राप्त आहे का ते महासंचालनालयाच्या यादीत बघायचं, जाहिरातीत नाही. नुसत्या आयटीआयवर थेट इंजिनिअर होता येत नाही. इंजिन खोलीतला साधा कामगार म्हणून जाता येतं, त्यालाही मान्यताप्राप्त प्रशिक्षण लागतंच. यॉटचा विचार नंतर करावा, हाताशी आधी काहीतरी अधिकृत असू दे.

मुलगा थोडा हिरमुसला. दोन-चार वर्षं जास्त लागणार हे त्याला कळलं होतं. वडिलांच्या चेहऱ्यावर खर्चाचा हिशेब दिसत होता आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आधी डिप्लोमाला दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश मिळतो का ते बघू, असं ठरलं. आयटीआयच्या पोरांना ती वाट आहे, आणि कोल्हापूर इथून रोज जाऊन येण्याजोगं आहे.

निघताना मी त्याला मोबाइलवर एक टपाल तिकीट दाखवलं. भारत सरकारने अर्देशीर यांच्या नावाचं ते तिकीट काढलं २७ मे १९६९ रोजी. रॉयल सोसायटीच्या निवडीची तीच तारीख. त्याने ते बोटांनी मोठं करून बघितलं आणि मग विचारलं, की सर, ती ह्यू लिंडसे बोट एडनला पोचली तेव्हा नेमका किती कोळसा उरला होता.